आज्ञार्थ

खळदकरांच्या सुनेनं, हेमांगीनं, काम दिलं :
हँडबिलाच्या तळाशी एकच ओळ हवी,
वाचणाऱ्याचा हात फोनकडे जाईल अशी.
दोन हजार रुपये. चहा वेगळा.

रविवार पेठेत, गल्लीच्या तोंडाशी,
शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान.
बॉबिन, शटल, पट्टा, पायडलची कडी,
सुया चौदा नंबर, सोळा नंबर, जीन्सला अठरा.
काउंटरच्या काचेखाली ब्याऐंशी सालचं दरपत्रक,
काढलेलं नाही, कारण ‘बघायला बरं वाटतं’.

मी लिहिलं : त्वरा करा!
खळदकर म्हणाले, कुठं आग लागलीय?
मी लिहिलं : आजच भेट द्या.
म्हणाले, आज सोमवार. उद्या आमचं बंद असतं,
आणि हे वाटणार तुम्ही उद्या.
मी लिहिलं : ही संधी दवडू नका.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.
सुईला आता संधी म्हणायचं का?

रात्री कर्वेनगरच्या खोलीत वही उघडली.
माझा धंदा क्रियापदांचा.
‘करा’ बोथट झालंय,
कापड ओढतं, आत शिरत नाही.
‘मिळवा’ म्हटलं की हात खिशावर जातो, आतून नाही, बाहेरून.
आणि ह्या शहराची बोटं ‘नये’ लिहून लिहून वाकलेली :
गाडी लावू नये, बेल दोनदा वाजवू नये,
भिंतीला टेकू नये.
एवढ्या नकारांच्या रांगेतून
एक होकार पुढे येणार तरी कसा?

बुधवारी दुकानात स्टुलावर बसून राहिले.
धायरीची एक बाई आली, ब्लाउज शिवणारी,
मशीन टाके सोडतंय म्हणाली.
खळदकरांनी शटल हातात घेतलं, फुंकलं,
स्क्रू पाव आटा फिरवला.
पैसे? कसले पैसे? सुया घ्या एक पाकीट, चाळीस रुपये.
निघताना ती म्हणाली, येते हं.
मान वर न करता ते म्हणाले, या.

मग एक पोरगा, नुसता भाव विचारून गेला.
येतो काका. या.
कुरियरवाला. या.
पाणी मागायला आलेला रिक्षावाला. त्यालाही.
दुपारपर्यंत मी सतरा मोजले.

आणि लक्षात आलं,
आपल्याकडे जाणारा कधी जातो म्हणत नाही,
आणि दुकानदार, दार ओलांडणाऱ्या पाठीला
रोज तेच क्रियापद देतो,
घाई नाही, उद्गारचिन्ह नाही, सवलत नाही.

तिथंच लिहिलं, बिलाच्या पाठीवर :
मशीन टाके सोडत असेल तर घेऊन या.
सुईवर भागलं, तर सुईचेच पैसे.

खळदकरांनी दोनदा वाचलं.
मशीन कशाला? केवढं जड असतं ते.
तीन जिने उतरवणार का बाईमाणूस?
पेन घेऊन खोडलं, वर बारीक अक्षरात लिहिलं :
मशीन राहू द्या घरी. शटल तेवढं घेऊन या.

सात वर्षं मी लोकांकडून पावलं मागत होते,
पाऊल किती लहान मागता येतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन हजार हँडबिलं गेली. पहिल्या आठवड्यात एकतीस जण आले.
त्यातल्या नऊ जणांनी आख्खं मशीन आणलं,
एकानं तर वडगावहून, ॲक्टिव्हाच्या पायाशी उभं करून.
हेमांगीनं वहीत आकडे दाखवले,
खळदकरांनी अठराशे मोजून दिले.
दोनशे कापले, म्हणाले, शटल माझं होतं.

भांडले नाही. येते म्हटलं.
ते गिऱ्हाइकाशी बोलत होते, तरी म्हणाले.

आज आईकडे गेले होते.
तिचं मशीन चादरीखाली, चार वर्षं तसंच.
शटल काढलं, जुन्या दोऱ्याचा गुंता होता त्यात,
निळा, माझ्या शाळेच्या पिनाफोरचा.
तसंच रुमालात गुंडाळलं, पर्समध्ये ठेवलं.
उद्या सोमवार, म्हणजे दुकान उघडं.